कापलेली साडेचार मिनिटं

प्रिय ताई,

हे पाकीट हातात पडेल तेव्हा तू आधी घाबरशील, कारण तुला मी शेवटचं पत्र लिहिलं त्याला वीस वर्षं तरी झाली असतील. घाबरू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. रोज संध्याकाळी फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर काय होतं, मी धीर करून सुरुवात करते आणि तू मध्येच "जेवलीस का" विचारतेस. मग मी जेवणाचं बोलत बसते आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडते. दहा दिवस हेच चाललंय. म्हणून आज सकाळी सगळी कामं बाजूला सारून लिहायला बसले. चष्मा लाव, दार लोटून घे आणि एकटीच वाच. तुझ्या लेकीला दाखवायचं की नाही, ते नंतर तू ठरव.

आधी इकडचं सांगते. आमचा जुना स्टुडिओ मोडला. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. भिंतींवरचं ते भोकाभोकांचं लाकूड उपटून जिन्याखाली रचून ठेवलंय. ज्या टेबलाशी बसून पंचवीस वर्षं मी लोकांना बोलतं केलं, ते टेबल दोन हमाल उलटं करून नेत होते. त्यावर जाड हिरवं कापड ठोकलेलं असायचं, कागद उलटताना आवाज होऊ नये म्हणून. ते कापड सोलून निघालं होतं आणि खालचं लाकूड अगदी कोरं होतं. तळघरातल्या जुन्या टेपा आता टाकून देणार आहेत. कुणाला काही ठेवून घ्यायचं असेल तर येऊन पाहून जा, असा आम्हा जुन्या मंडळींना निरोप आला. मी गेले. कशासाठी गेले, ते पुढे सांगते. गुडघ्याला शेक देतेस ना? नुसतं मलम चोळून काही होणार नाही.

ताई, रेडिओवरच्या माझ्या 'कान देऊन' कार्यक्रमाला भावजींइतका एकनिष्ठ श्रोता मला दुसरा मिळाला नाही. दर गुरुवारी साडेपाचला. फरशीच्या कारखान्यात त्यांची दुपारची पाळी असली की चहाच्या सुट्टीत ते तो लहानसा रेडिओ खिडकीत ठेवायचे. बाकीच्यांना गाणी हवी असायची. "आधी अर्धा तास माझ्या मेहुणीचा, मग तुमची गाणी," असं सांगून ते सगळ्यांना गप्प करायचे, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. त्यामुळे दगड दळणाऱ्या त्या माणसांनी आकाशातल्या धूळमेघांवरचं भाषण ऐकलं, एका कादंबरीवर अकरा वर्षं घालवलेल्या लेखिकेची मुलाखत ऐकली, लाकडावर टिचकी मारून व्हायोलिनचा आवाज ओळखणाऱ्या कारागिराचं बोलणंही ऐकलं. त्यांच्यातल्या एकाने कार्डावर प्रश्न लिहून पाठवला होता, अंधाराला वेग असतो का म्हणून. आमच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याचं उत्तर द्यायला चांगली दोन मिनिटं घेतली. त्या आठवड्यात भावजी मला भेटले तेव्हा प्रश्न जणू त्यांनीच विचारला होता अशा थाटात चालत होते. मला "रेडिओबाई" म्हणायचे. घरात कुणी काही शंका काढली की म्हणायचे, रेडिओबाईला विचारा, तिच्याकडे सगळं तपासून येतं. मला ते आवडायचं. एखाद्या माणसाने आपल्यावर इतका विश्वास टाकावा, याचं सुख मी वर्षानुवर्षं घेतलं.

तुमच्या नुकसानभरपाईच्या खटल्याच्या मागच्या सुनावणीनंतर तू फोन केलास. कंपनीचा वकील कोर्टात म्हणाला, की त्या काळी फुप्फुसाच्या या आजाराबद्दल कारखान्यात कुणालाच काही ठाऊक नव्हतं आणि कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं. तुझ्यासारख्याच नवरा गमावलेल्या अकरा जणी बाकावर बसून ते ऐकत होत्या. तू मला म्हणालीस, "अगं, खरंच कुणाला माहीत नसेल तर बोल कुणाला लावायचा? ऐकून मला जरा हलकंच वाटलं बघ." मी "हं" म्हटलं आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

माहीत होतं, ताई. एकोणीस वर्षांपूर्वी माहीत होतं. सांगितलंही होतं. माझ्यासमोर, त्या हिरव्या टेबलाशी बसून सांगितलं होतं.

त्या वर्षी मी माणसाच्या शरीरावर चार मुलाखतींची मालिका केली होती. शेवटची फुप्फुसांवरची. त्यासाठी सरकारी इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. ठेंगण्याशा, आवाज मात्र खणखणीत. येताना एका मोठ्या पाकिटात क्ष-किरणांच्या फिल्मा घेऊन आल्या. आमचे ध्वनिमुद्रक, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते हसून म्हणाले, "बाई, रेडिओवर हे दिसायचं नाही." डॉक्टरबाईंनी एक फिल्म दिव्यासमोर धरली आणि मला म्हणाल्या, "हिला दिसलं की ही नीट प्रश्न विचारेल." दोन्ही फुप्फुसांवर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते. तो माणूस चौतीस वर्षांचा होता.

मुलाखत छान चालली होती. श्वास आत कसा जातो, रक्तात कसा मिसळतो, सगळं त्यांनी शाळेतल्या मुलालाही समजेल असं सांगितलं. मग त्या धुळीकडे वळल्या. गारगोटी दळताना जी अगदी बारीक पूड उडते ती डोळ्यांना दिसत नाही, ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथे जखमा करते, असं म्हणाल्या. आणि मग त्यांनी फरशीच्या कारखान्याचं नाव घेतलं. भावजींच्या. तिथल्या पूडखात्यात, म्हणजे दगड दळतात तिथे, त्यांनी स्वतः धूळ मोजली होती आणि आकडे लेखी अहवालात घालून व्यवस्थापकांच्या हातात दिले होते, त्याला सात महिने झाले होते, हे तारखेसकट सांगितलं. मी विचारलं, "मग तिथल्या कामगारांनी काय करावं?" त्या म्हणाल्या, "दळताना दगडावर पाणी सोडायला लावावं. नाकाला फडकं बांधून उपयोग नाही, ही धूळ फडक्यातून जाते. आणि ज्याला दुसऱ्या खात्यात जाता येईल त्याने आजच जावं, खोकल्याची वाट पाहू नये. आत गेलेली धूळ बाहेर येत नाही." बोलून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं आणि पूर्ण पेला संपवला.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी मुलाखत ऐकली. साहेब वाईट माणूस नव्हते. ओरडले नाहीत, धमकीही दिली नाही. म्हणाले, "तुमचा कार्यक्रम विज्ञानाचा आहे, तुम्ही विज्ञान सांगा. नाव घेऊन आरोप आला की त्यांचीही बाजू घ्यावी लागते, आणि तेवढा वेळ आपल्याकडे कुठे आहे? एवढा भाग काढा, बाकी उत्तम आहे." दहा वर्षं मी करारावर काम करत होते. मला कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कोपराशी पडलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच पाहिलं. नाव वगळून बाकीचं ठेवू का, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या माणसाला बोलावते, असं म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले.

तेव्हा आम्ही टेप ब्लेडने कापायचो. नको असलेला भाग काढायचा आणि दोन टोकं तिरकी कापून चिकटपट्टीने जोडायची. एरवी हे काम मास्तर करायचे. त्या दिवशी त्यांनी ब्लेड माझ्यापुढे ठेवलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "हे तू कर." मी केलं. साडेचार मिनिटं. ताई, मी ते फार चांगलं केलं. पुढचं वाक्य सुरू करण्याआधी डॉक्टरबाईंनी घेतलेला श्वास मी राहू दिला, म्हणजे बोलणं सलग वाटावं. ऐकणाऱ्याला तिथे काही होतं अशी शंकासुद्धा आली नसती. आणि वेळ नाही म्हणून काढलेल्या त्या भागाच्या जागी, अर्धा तास भरायला, शेवटी साडेचार मिनिटं बासरी वाजवली.

गुरुवारी मुलाखत लागली. शुक्रवारी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. मला वाटलं, ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "फुप्फुसाची रचना सांगायला मी आले नव्हते. ती पाठ्यपुस्तकात आहे." पुढच्या दोन वर्षांत मी त्यांना दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्यांनी वेळ नाही म्हणून कळवलं. आठ वर्षांपूर्वी त्या गेल्या. मी कायम झाले. त्या दिवशी तू पेढे वाटले होतेस, भावजींनी कारखान्यातही वाटले होते.

पुढचं सगळं तुझ्याच घरात घडलं, ते तुला मी काय सांगू. भावजी आणखी आठ वर्षं पूडखात्यात राहिले. मग जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून चपलेचा पट्टा नीट करायला लागले. पट्टा धडच होता, हे तू मला खूप नंतर सांगितलंस. क्षय म्हणून दोनदा गोळ्यांचा पूर्ण फेरा झाला, त्याने भूक तेवढी गेली. तू त्यांना पाठीशी चार उशा लावून बसवायचीस, कारण आडवं झालं की जीव घाबरायचा. मग ते प्राणवायूचं यंत्र आलं आणि त्याच्या घरघरीत तुमच्या घरातला रेडिओ ऐकू येईनासा झाला. शेवटी शेवटी एक वाक्य ते तीन तुकड्यांत बोलायचे, आणि मधल्या थांब्यात आपण दोघी दुसरीकडे बघायचो.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ते गेले त्याच्या दोन महिने आधी, एका दुपारी तू औषधं आणायला गेली होतीस आणि मी त्यांच्यापाशी होते. मी जुन्या कार्यक्रमांच्या प्रती घेऊन यायचे, आठवतं ना? त्या दिवशी ते म्हणाले, "डॉक्टरबाईंचं ते... फुप्फुसाचं... लाव." मी म्हटलं, ते नको, त्या लेखिकेचं लावते. त्यांनी मान हलवली. माझ्याकडे जी प्रसारित झाली तीच प्रत होती. मी टेप वाजवायचं यंत्र त्यांच्या कानाशी धरलं आणि माझाच आवाज ऐकत बसले. मी त्या जोडाची वाट पाहत होते. जोड आला आणि गेला. भावजी डोळे मिटून ऐकत होते. शेवटची बासरी त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "छान बोलल्या... आणखी थोडं... बोलायला हव्या होत्या." त्यांना काही कळलं होतं, की नुसतं आवडलं म्हणून तसं म्हणाले, हे मला आजवर समजलेलं नाही. मी त्यांची उशी सारखी केली. तेवढ्यात तू आलीस.

आता तळघराचं. कापलेले तुकडे आम्ही आठवडाभर ठेवायचो, कुणाची तक्रार आली तर असावेत म्हणून, आणि मग फेकून द्यायचो. तो तुकडा मी फेकला नाही. सदसद्विवेक वगैरे म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मला तो फेकवेना आणि ऐकवेनाही. एका छोट्या रिळावर गुंडाळून मी तो एका शिल्पकाराच्या मुलाखतीच्या खोक्यात, खाली सरकवून ठेवला होता. एकोणीस वर्षं तिथे कुणी हात लावला नाही. या महिन्यात गेले तेव्हा खोकं दमट झालं होतं, तुकडा मात्र शाबूत होता. दहा दिवसांपूर्वी मी तो तुमच्या वकीलबाईंच्या हातात दिला. त्यांनी जुनं यंत्र असलेलं एक दुकान शोधून काढलं आणि आम्ही दोघींनी तो ऐकला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, की इस्पितळातली त्या काळची दप्तरं नष्ट झाली आहेत आणि कंपनी असा अहवाल मिळालाच नाही म्हणते, त्यामुळे आपल्या हातात एवढंच आहे, पण हे पुरेसं ठरू शकतं. ताईला मीच सांगेन, तोवर तुम्ही काही बोलू नका, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यांच्यावर रागावू नकोस.

सोमवारी तो तुकडा कोर्टात वाजवणार आहेत. आवाज डॉक्टरबाईंचा आहे आणि प्रश्न विचारणारी मी आहे, हे मला उभं राहून सांगायचंय. कुणी कापला, असं कंपनीचा वकील विचारणारच. मी कापला, हे सांगेन. साहेब आता स्वतःच्या मुलालाही ओळखत नाहीत, त्यांच्याकडे बोट दाखवण्यात काही अर्थ उरलेला नाही, आणि ब्लेड त्यांच्या हातात नव्हतं. त्या अकरा जणींसमोर हे बोलायचं आहे. त्यांचे नवरेही त्या खिडकीतला रेडिओ ऐकायचे.

आता जे लिहायचं आहे, ते कुठल्याच टेपवर नाही. ती मुलाखत लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, भावजींनी कारखान्याबाहेरच्या दुकानातून मला ऑफिसात फोन केला होता. गोदामात एक जागा रिकामी झाली होती, हवी असेल तर घे म्हणून त्यांना विचारलं होतं, आणि दोन दिवसांत उत्तर द्यायचं होतं. त्यांचं मन होत नव्हतं. सगळे दोस्त पूडखात्यात, गोदामात दिवसभर एकट्याने याद्या लिहायच्या. म्हणाले, "रेडिओबाई, एक विचारू? तुझ्या त्या डॉक्टरबाई आमच्या धुळीचं काही बोलल्या का गं? रेडिओवर नाही, एरवी. आमच्यातले दोघं जण खोकतात, म्हणून विचारतो." ताई, तो भाग कापताना मी स्वतःला हेच समजावलं होतं, की भावजींना मी बाजूला घेऊन सांगेन, आपल्या माणसाला तरी वाचवेन. आणि ते स्वतःहून विचारत होते. शब्द माझ्या जिभेवर होते. पण सांगितलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मग हे रेडिओवर का नाही आलं? त्यांनी सगळ्या पूडखात्याला सांगितलं असतं, दोन दिवसांत ते साहेबांच्या कानावर गेलं असतं, आणि माझ्या फाईलवर अजून सही झालेली नव्हती. मी म्हणाले, "नाही हो भावजी, तसं काही बोलल्या नाहीत. तुम्ही निश्चिंत राहा." ते हसले, "चल, बरं झालं" म्हणाले, आणि त्यांनी गोदामाला नकार कळवला. हे कोर्टात कुणी विचारणार नाही. ज्या दोघांना ठाऊक होतं त्यांतले एक गेले; त्यांनी तुला कधी सांगितलं असेल तर मला माहीत नाही. सोमवारी टेप ऐकल्यावर तू तुझ्या स्वभावाप्रमाणे म्हणशील, की बिचारी काय करणार, नोकरीचा प्रश्न होता. ते तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी दहा वाजता मी तिथे असेन. तोवर मी फोन करणार नाही.

तुझीच,
धाकटी